निळं पोरगं कसं बघायचं (घरी बसून, मोबाइलवर)

निळ्या कपड्यातलं ते पोरगं तुम्ही कुठं ना कुठं पाहिलेलं असणार, नाव माहीत नसलं तरी. कुणाच्या बैठकीत भरतकामाच्या फ्रेममध्ये, कुठं बिस्किटाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यावर ज्यात आता सुईदोरा अन् बटणं असतात, कुठं कॅलेंडरावर. एक हात कंबरेवर, दुसऱ्या हातात पिसाची टोपी, अन् तोंडावर असा भाव की जणू आपणच त्याच्या वाड्यात न विचारता शिरलोय. इंग्रजीत त्याला ब्लू बॉय म्हणतात, थॉमस गेन्सबरो नावाच्या इंग्रज चित्रकारानं ते १७७० च्या सुमारास काढलं, आणि सध्या ते अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन म्युझियममध्ये टांगलेलं आहे.

मी मानवतचा. लय वर्षं दुकानांचे बोर्ड, शटर, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवल्या, मग फ्लेक्स आला आणि आमचा धंदा बसला, आता लेकरांची चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांची तयारी करून घेतो. लेकरं हे चित्र बघून हमखास विचारतात, सर यात एवढं काय आहे, एक गोरं पोरगं तर उभं आहे. प्रश्न बरोबर आहे. मलाही पहिल्यांदा काहीच दिसलं नव्हतं, उलट मी तर ते शटरवर काढायला घेतलं होतं आणि पार फसलो होतो, ते सांगतोच पुढं. म्हणून हे लिहायलोय, की बघायचं कसं. कॅलिफोर्नियाला जायची गरज नाही, खडू, मोबाइल आणि अस्तराचा एक तुकडा एवढं सामान लागतं.

आधी खडू घ्या. घरातल्या भिंतीवर १७८ सेंटीमीटर उंच आणि ११२ सेंटीमीटर रुंद चौकट मारा. म्हणजे पाच फूट दहा इंच बाय तीन फूट आठ इंच. आमच्या जुन्या माळवदाच्या घरात ढाळजेचा दरवाजा यापेक्षा ठेंगणा होता, वाकून जावं लागायचं. तर चित्र एवढं मोठं आहे, पोरगं जवळपास खऱ्या उंचीचं आहे. मोबाइलवर ते बोटाएवढं दिसतं आणि आपण म्हणतो, हां, छान आहे, अन् अंगठा मारून पुढं जातो. आता त्या खडूच्या चौकटीसमोर चार पावलं मागं जाऊन उभं राहा आणि मनात धरा की त्या दारात एक पोरगं उभं आहे आणि सरळ तुमच्याकडं बघायलंय. बघा मग, उगाच आपली पाठ ताठ होते की नाही. घरचे विचारतील काय करायलास, त्यांना सांगा चित्र बघायलोय, हसतील, हसू द्या.

मग मोबाइल. वॉट्सॅपवर आलेला फोटो नको, तो दाबून दाबून पार पिठलं झालेला असतो. विकिमीडियावर या चित्राची मोठी फाइल आहे, ती उतरवा, वायफाय असलेलं बरं. आणि एक गोष्ट नक्की करा, डोळ्याला त्रास नको म्हणून स्क्रीन पिवळी करायचं जे सेटिंग असतं ते बंद करा, नाहीतर निळं हिरवट दिसतं.

गंमत अशी की खुद्द चित्रालाच वर्षानुवर्षं तसलंच पिवळं सेटिंग लागलेलं होतं. तैलचित्राला वरून वार्निश मारतात आणि वार्निश जुनं झालं की पिवळं पडतं, आपल्या देवघरातल्या फोटोची काच समईच्या धुरानं पिवळी पडते ना, तसं. २०१८ ते १९ या काळात म्युझियमनं ते साफ करायचं काम काढलं आणि ते कुठं आतल्या खोलीत नाही तर लोकांसमोर गॅलरीतच करायचं ठरवलं. म्हणजे लोक तिकीट काढून यायचे आणि एक बाई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून इंच इंच वार्निश काढताना बघायचे. जुन्या डब्यांवर, कॅलेंडरांवर हे पोरगं जे थोडं मोरपंखी दिसतं त्यात छपाईचा दोष असंल, पण मूळ चित्रच तेव्हा पिवळ्या पडद्यामागं होतं हेही आहेच.

आता चित्र उघडलं. पहिली गोष्ट, अंगठ्यानं त्याचं तोंड झाका. आपण माणसं कुठलंही चित्र बघताना आधी तोंडच बघतो आणि एकदा तोंड बघितलं की बाकीचं बघायचं राहून जातं. तोंड झाकल्यावर उरतं काय, तर कापड. नुसतं कापड. चमकदार रेशमी निळं कापड, त्याच्या चुण्या, बाहीला मारलेल्या फटी ज्यातून आतलं पांढरं दिसतं, गुडघ्याखाली निळ्या फिती, बुटावर गाठी. या चित्राचा खरा हिरो कापड आहे, माझं तरी हेच मत आहे, आणि ते मला कुठल्या पुस्तकानं नाही तर एका टेलरनं शिकवलं.

झालं असं. आमच्या बाजारपेठेत एक टेलर होते, सगळे त्यांना चाचाच म्हणायचे. त्यांच्याकडं एक जुना पत्र्याचा डबा होता, त्यावर हे पोरगं. चाचांचं म्हणणं, मेरे शटर पे ये लडका निकालो, कपडा देख के गिऱ्हाईक को समझना के इधर अच्छी सिलाई होती. आयडिया एक नंबर होती. मी डब्यावर बारीक ग्राफ मारला, शटरवर मोठा ग्राफ मारला, चौकोनाला चौकोन जुळवून आऊटलाइन काढली, इथपर्यंत सगळं फस क्लास. मग इनॅमलचा निळा डबा फोडला. उजेडाला त्यात पांढरा मिसळला, सावलीला काळा. बोर्ड पेंटरचा सरळ हिशोब असतो, एक रंग, त्याची एक फिकी शेड, एक गडद शेड, झालं काम. दोन दिवसांनी बघतो तर काय, पोरगं रेशमाचं नाही, प्लास्टिकच्या बादलीचं दिसायलंय. निळी बादली, तिला हातपाय.

चाचा काही बोलले नाहीत. आत गेले, साटनच्या अस्तराचा एक निळा तुकडा आणला, उन्हात धरला, हातानं जरा चुरगाळला आणि म्हणाले, "पेंटर, ये देखो, इसमें नीला कित्ता है?"

मी बघितलं. आणि खरं सांगतो, निळं फार थोडं होतं. जिथं ऊन पडलं होतं तिथं तुकडा जवळपास पांढरा होता, कडेला पिवळसर झाक. घडीच्या आत तो काळा नव्हता, जांभळट होता, एका ठिकाणी तर समोरच्या दुकानाच्या लाल बोर्डाची लाली त्यात उतरली होती. निळं म्हणावं असं निळं फक्त मधल्या पट्ट्यात.

तर तुम्हीही हेच करा. घरात साटनचं अस्तर, जुनी रेशमी साडी, लेकराचा स्नेहसंमेलनातला मावळ्याचा चमकी ड्रेस, पैठणीचा पदर मिळाला तर सोन्याहून पिवळं, काहीही चमकणारं घ्या. खिडकीशी धरा, एका बाजूनं उजेड येऊ द्या, चुरगाळा. मग मोबाइलमधला गेन्सबरोचा निळा शेजारी धरून झूम करा. जितकं जवळ जाल तितकं कापड गायब होतं. नुसते फटकारे उरतात. पांढरे, राखाडी, हिरवट, काळपट, कुठं मातकट, एकमेकांवर तिरपे मारलेले, जणू घाईत मारलेत. आणि झूम कमी करत आला की अचानक रेशीम. हा जो क्षण असतो ना, फटकारे संपून कापड सुरू व्हायचा, तो शोधा, दोनदा तीनदा आतबाहेर करा. अडीचशे वर्षं लोक या चित्रासमोर का थांबतात याचं अर्धं उत्तर तिथंच आहे.

गेन्सबरोबद्दल सांगतात की तो सहा सहा फुटी दांड्याचे ब्रश वापरायचा. म्हणजे माणसापासून जेवढा लांब तेवढाच कॅनव्हासपासून लांब उभा राहून रंगवायचा, म्हणून लांबून बघितल्यावर जमून येतं. आम्ही तर शटरला नाक लावून रंगवायचो, मग बादलीच होणार. आणि त्याचा बाप कापडाच्या धंद्यातला, इंग्लंडमध्ये सडबरी नावाच्या गावात लोकरीचं कापड करायचे, बहीण बाथ शहरात टोप्या-फितींचं दुकान चालवायची. गेन्सबरो लहानपणापासून कापड बघत वाढलेला, ते चित्रात दिसतंच.

यानंतर कपड्याची फॅशन बघा. आपल्याला वाटतं त्या काळी इंग्रज पोरं असेच कपडे घालायची. नाही. १७७० ला हा ड्रेस शंभर-सव्वाशे वर्षं जुना झालेला होता. व्हॅन डाइक नावाचा चित्रकार होता, १६४१ ला वारला, इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाच्या दरबारात असायचा, त्याच्या चित्रात असले लेसच्या कॉलरचे रेशमी कपडे असतात. गेन्सबरो त्याचा भक्त. म्हणजे हे पोरगं फॅन्सी ड्रेसमध्ये उभं आहे, आपलं लेकरू गॅदरिंगला शिवाजी महाराज होतं तसं. आणि भारी गोष्ट म्हणजे हाच ड्रेस गेन्सबरोच्या दुसऱ्याही काही चित्रांत दिसतो, म्हणजे स्टुडिओत ठेवलेला असणार. आमच्याकडं फोटो स्टुडिओत एक काळा कोट आणि तयार गाठीचा टाय खुंटीला असायचा. गावातल्या निम्म्या लोकांचा नोकरीच्या फॉर्मवरचा फोटो त्याच कोटात, जाडा असो का बारीक, मागून पिना लावायच्या. तसंच हे.

म्हणून आता अंगठा काढा आणि तोंड बघा. कपडे राजकुमाराचे, तोंड मात्र राजकुमाराचं नाही. गाल लालसर, ओठ मिटलेले, जरा संकोच, जरा ताठा. दुसऱ्याच्या कपड्यात उभं केलेल्या लेकराचं असतं तसं. मला ही जागा चित्रातली सगळ्यात आवडती.

हे पोरगं कोण, यावर वाद आहे. बरीच वर्षं सगळे सांगायचे की हा जोनाथन बटल, लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याचा मुलगा, कारण चित्र पहिल्यापासून त्याच्याकडं होतं. पण बटल १७५२ चा, म्हणजे तेव्हा अठराचा, आणि हे लेकरू अठराचं वाटतं का? म्हणून आता काही जाणकार म्हणतात की हा गेन्सबरोचा भाचा, गेन्सबरो ड्युपाँट, जो त्याच्याकडंच काम शिकला. तोही चौदाच्या वरचाच होता म्हणा. काही असो, हा कुणी राजाबिजा नव्हता एवढं पक्कं. बटलचं पुढं दिवाळं निघालं, १७९६ ला त्याच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात हे चित्रही गेलं. मग हातोहात फिरत एका बड्या सरदार घराण्यात जाऊन बसलं. चित्राला ब्लू बॉय हे नाव गेन्सबरोनं दिलेलंच नाही बरं का, लोकांनी पाडलंय, पहिल्यांदा दाखवलं तेव्हा नुसतं एका तरुण सद्गृहस्थाचं चित्र असं लिहिलेलं होतं.

आता खाली उजव्या कोपऱ्यात या. दगड दिसतायत, काळपट, मातकट, कुणी बघत पण नाही तिकडं. तिथं एक कुत्रं आहे. पांढरं, केसाळ. गेन्सबरोनंच काढलं आणि मग त्यालाच नको वाटलं म्हणून वरून दगड रंगवून टाकले, १९९४ ला तपासणीत सापडलं. आणि त्याच्याही आधी, १९३९ च्या एक्स-रेत पोराच्या डोक्याच्या वर अजून एक तोंड निघालं, एका मोठ्या वयाच्या माणसाचं, अर्धवट सोडलेलं. म्हणजे कॅनव्हासच जुना, दुसऱ्याच चित्राला सुरू केलेला, तो कापून परत वापरला. मला हे वाचून एवढं बरं वाटलं की काय सांगू, कारण जुन्या बोर्डावर पांढरा हात मारून नवा बोर्ड करणं हे तर आमचं रोजचं. स्क्रीनवर कुत्रं दिसत नाही, पण ब्राइटनेस वाढवून त्या कोपऱ्याकडं एक मिनिट बघा आणि मनातल्या मनात तिथं पांढरं कुत्रं बसवा. लगेच कळतं त्यानं का काढून टाकलं. लक्ष सगळं कुत्र्यानं खाल्लं असतं.

एक गोष्ट नेटवर जिथं तिथं सापडंल, तिच्यावर लगेच विश्वास ठेवू नका. गोष्ट अशी की त्या वेळचा सगळ्यात मोठा चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्स, रॉयल अकॅडमी या तिथल्या चित्रकारांच्या संस्थेचा अध्यक्ष, म्हणाला की चित्राच्या मधोमध उजेडाच्या जागी पिवळे-लाल असे ऊबदार रंग हवेत, निळा-हिरवा थंड रंग मधे नको, त्याला कडेला ठेवा. तर त्याची जिरवायला गेन्सबरोनं मधोमध निळाच निळा घालून दाखवला. ऐकायला लय भारी. रेनॉल्ड्स तसं बोलला हेही खरं. पण तो बोलला १७७८ ला आणि चित्र लोकांसमोर आलं १७७० ला. आठ वर्षं आधीच उत्तर कसं दिलं बुवा? असंल तर असं असंल की रेनॉल्ड्सच्या डोक्यात हे चित्र सलत होतं. पण नियम म्हणून ते तपासून बघायला सोपं आहे. पोराच्या मागं बघा, सगळं तपकिरी, मातकट, ढगाळ, संध्याकाळचं. ती ऊब मागं आहे म्हणून पुढचा निळा उठतो. मी शटरवर मागं काय केलं होतं? फिका आकाशी. निळ्यावर निळं. चाचांची बादली आकाशात तरंगत होती.

बाकी हे चित्र जगात इतकं गाजलं त्याला पैसाही कारण आहे, ते लपवून उपयोग नाही. १९२१ ला इंग्लंडच्या त्या सरदार घराण्यानं ते विकलं, अमेरिकेतला रेल्वे-ट्रामवाला कोट्यधीश हेन्री हंटिंग्टन यानं सव्वासात लाख डॉलरच्या वर मोजले, त्या काळात चित्राला एवढा पैसा म्हणजे तोंडात बोटं घालायचं काम. जायच्या आधी जानेवारी १९२२ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीत शेवटचं म्हणून ठेवलं तर नव्वद हजार माणसं बघून गेली. आपल्याकडं सासरी जाणाऱ्या लेकीला निरोप द्यायला सगळी गल्ली येते, तसंच. गॅलरीच्या संचालकानं चित्राच्या मागच्या बाजूला पुन्हा भेटू या अर्थाचे दोन शब्द लिहून खाली आपल्या नावाची अक्षरं टाकली. आणि भेट झाली, बरोब्बर शंभर वर्षांनी, २०२२ च्या २५ जानेवारीला चित्र काही महिन्यांसाठी लंडनला माहेरपणाला आलं.

हंटिंग्टनमध्ये त्याच्या समोर एका मुलीचं चित्र आहे, पांढरा ड्रेस, गुलाबी रिबिनी, पिंकी म्हणतात. डब्यांवर, फ्रेमांवर दोघं जोडीनं असतात म्हणून लोकांना वाटतं भाऊबहीण किंवा नवराबायको. काही संबंध नाही. ते थॉमस लॉरेन्सनं १७९४ ला काढलं, दोघांत चोवीस वर्षांचं अंतर, आणि ती पोरगी पुढच्याच वर्षी बारा वर्षांची असताना वारली. हे कळल्यावर तिच्याकडं परत बघवत नाही.

असंच तोंड झाकून बघायला अजून एक चित्र सांगतो, आपल्या घरचं. नाना फडणवीसाचा जो चेहरा तुमच्या डोळ्यासमोर येतो, काटकुळा, लांबट, तो बहुतेक जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकारामुळं. त्यानं १७९२ ला पुण्यात सवाई माधवराव आणि नानाचं मोठं तैलचित्र काढलं, ते आता लंडनला रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. आणि हाच वेल्स आपल्या वेरूळच्या लेण्यांची चित्रं काढत होता, ती तो गेल्यावर १८०३ मध्ये थॉमस डॅनियलनं छापली. त्याच्याबरोबर गंगाराम तांबट नावाचा पुण्याचा कलाकार होता, त्याचीही वेरूळची रेखाचित्रं आहेत. वेरूळला दरवर्षी सहली जातात पण हे कुणी सांगत नाही. असो, विषय भरकटला.

शेवटी स्वतः काढून बघा, त्याशिवाय हे चित्र पुरतं दिसत नाही. पूर्ण पोरगं नको, फक्त एक बाही घ्या, हातभर कागदावर. पोस्टर कलर चालतात. काळा रंग बॉक्समधून काढून बाजूला ठेवून द्या, ही माझी एकच अट. सावलीला निळ्यात तपकिरी मिसळा, उजेडाला पांढऱ्यात किंचित पिवळा, आणि आधी सगळ्या कागदावर मातकट हात मारून तो वाळू द्या, मगच निळ्याला हात लावा. ब्रशला काठी बांधा, वेताची नाहीतर पडद्याचा रॉड, आणि उभं राहून मारा. पहिली बाही भोपळ्यासारखी होईल. माझ्या क्लासमधल्या सहावीतल्या एका लेकराची दुसऱ्याच दिवशी बरी झाली होती, माझी चौथ्या दिवशी.

चाचांचं शटर मी परत करून देतो म्हणालो होतो. ते म्हणाले राहू दे, लोक हसतात पण थांबतात तरी. चाचा आता नाहीत, दुकान बंद असतं. मागच्या उन्हाळ्यात तिकडून गेलो तर उन्हानं निळा रंग पोपडे धरून गळालाय, आणि पोराच्या पोटावर माझ्याच हातची त्याच्या आधीची अक्षरं वर आलीत, खताच्या दुकानाची, "युरिया मिळेल".